इन्शुरन्स सुरू व्हायला ऐंशी दिवस, आणि मधली थेरपी

नोव्हेंबर २०२४ मध्ये कळलं की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसमधली आमची अख्खी टीम बंद होणार. शेवटचा दिवस ३१ जानेवारी. नशीब बरं म्हणून ९ जानेवारीला टेक्ससमध्ये, डॅलसजवळ अर्व्हिंगला, दुसरी नोकरी मिळाली. साताऱ्याला आईने पेढे वाटले. माझ्या थेरपीचं आता काय होणार हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही, कारण ती चालू आहे हे फक्त दादाला माहीत होतं.

थेरपी सुरू होऊन तेव्हा चौदा-पंधरा महिने झाले होते. २०२३ मध्ये ऑफिसला जाताना हायवेवर एकदा छाती आवळून आली, बोटांना मुंग्या आल्या, समोरची गाडी दिसत होती पण ती किती लांब आहे ते कळेना. इमर्जन्सीत गेले, ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी पॅनिक अटॅक हा शब्द वापरला आणि थेरपिस्टकडे पाठवलं. तेव्हापासून दर बुधवारी एक सेशन, कोपे (म्हणजे दर वेळी आपण भरायची ठरावीक रक्कम) २५ डॉलर, आणि सोबत एक साधी जेनेरिक गोळी. बरं वाटायला लागलं होतं. म्हणूनच मध्ये खंड पडण्याची भीती जास्त वाटत होती.

मला वाटलं होतं की ओहायोतल्या थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलणं चालू ठेवता येईल, थोडे जास्त पैसे पडतील इतकंच. डिसेंबरमध्ये विचारलं तर ती म्हणाली की तिचा परवाना ओहायोचा आहे. थेरपिस्ट कुठे बसलाय तेवढ्याने भागत नाही, साधारणपणे पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना लागतो. टेक्ससचा तिच्याकडे नव्हता. मग पुण्यातल्या एका समुपदेशिकेला विचारून पाहिलं, मराठीत बोलता येईल या लोभाने. तिनेही तेच कारण सांगून नम्रपणे नाही म्हटलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, दोघींनी मला खरं सांगितलं हे चांगलंच झालं.

२९ जानेवारीला शेवटचं सेशन झालं. निघण्याआधी मी दोन गोष्टी मागून घेतल्या, आणि त्या मागा असं मी प्रत्येकाला सांगेन. एक, उपचारांचा एक पानी सारांश: निदान काय, कशावर काम झालं, काय उपयोगी पडलं, काय नाही. पुढच्या तीन महिन्यांत मला माझी गोष्ट दोन नव्या माणसांना पहिल्यापासून सांगायची होती, आणि त्या एका पानामुळे प्रत्येक वेळी किमान अर्धा तास वाचला. दुसरी गोष्ट गोळीची. इन्शुरन्स महिनाअखेरपर्यंतच होता, म्हणून २८ तारखेलाच नव्वद दिवसांचा साठा घेऊन ठेवला. ही गोळी मनाने एकदम बंद करायची नसते, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं.

१० फेब्रुवारीला रुजू झाले. ओरिएंटेशनमध्ये एचआरच्या बाईंनी सहज सांगितलं, ‘साठ दिवस पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पहिल्या तारखेपासून इन्शुरन्स.’ मी वहीच्या मागच्या पानावर मोजलं. साठ दिवस होतात ११ एप्रिलला, म्हणजे इन्शुरन्स १ मेपासून. रुजू झाल्यापासून ऐंशी दिवस. कायद्याने कंपनी नव्वद दिवसांपेक्षा जास्त थांबवू शकत नाही, आणि ऐंशी हे नव्वदच्या आतच. तक्रारीला जागा नव्हती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. इन्शुरन्स मेमध्ये सुरू होणार असला तरी प्लॅन निवडायची मुदत आमच्याकडे रुजू झाल्यापासून मोजली जात होती. माझ्याकडे एकतीस दिवस होते. ती मुदत हुकली तर वर्षअखेरच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागलं असतं. मी दोन प्लॅन शेजारी ठेवून फक्त ‘मेंटल हेल्थ, ऑफिस व्हिजिट’ ही ओळ वाचली. स्वस्त प्लॅनमध्ये डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, भरेपर्यंत थेरपीचे पूर्ण पैसे आपण द्यायचे. महाग प्लॅनमध्ये पहिल्या दिवसापासून ३० डॉलर कोपे. मी महाग घेतला. थेरपी दर आठवड्याला घ्यायची असेल तर हप्त्यातला फरक त्यातच भरून निघतो, निदान माझ्या हिशेबात निघाला.

जुन्या इन्शुरन्सचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न होता. वीस किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपनीतून बाहेर पडलात तर कोब्रा नावाच्या कायद्याने तोच इन्शुरन्स पुढे चालू ठेवता येतो. फक्त आधी कंपनी जो वाटा भरायची तोही आपणच भरायचा, वर दोन टक्के. त्याचं पत्र मला १९ फेब्रुवारीला पोचलं. महिन्याला ७४२ डॉलर. मी तो आकडा पाहून पाकीट पुन्हा बंद केलं आणि ते दोन दिवस ओट्यावर तसंच पडून राहिलं.

नंतर नीट वाचलं तेव्हा त्यातली खरी उपयोगाची ओळ सापडली. निर्णय घ्यायला साठ दिवस मिळतात, आणि त्या साठ दिवसांत कधीही होकार दिला तरी इन्शुरन्स मागच्या तारखेपासून, म्हणजे माझ्या बाबतीत १ फेब्रुवारीपासून, लागू होतो. मधले हप्ते अर्थात भरावे लागतात. पत्रावर १४ फेब्रुवारी ही तारीख होती, म्हणून माझी मुदत १५ एप्रिलपर्यंत. याचा अर्थ असा की तोपर्यंत अपघात झाला, हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं, तर मी मागाहून होकार देऊ शकत होते. आठवड्याच्या थेरपीसाठी ते परवडणारं नव्हतं, पण मोठ्या संकटापुरती ती एक फुकटची छत्री होती. मी १५ एप्रिल कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवली.

हेल्थकेअर डॉट गव्ह या, स्वतःचा इन्शुरन्स घ्यायच्या सरकारी वेबसाइटवरही पाहिलं. इन्शुरन्स गेल्यावर साठ दिवस तिथे खास खिडकी उघडी असते, आणि नोंदणी केल्यावर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून प्लॅन सुरू होतो. माझ्या वार्षिक पगारावर सवलत फारशी बसत नव्हती आणि परवडणाऱ्या प्लॅनचं डिडक्टिबल इतकं मोठं होतं की दोन महिन्यांत थेरपीचा प्रत्येक डॉलर मलाच द्यावा लागला असता. ज्यांची नोकरी गेलीय आणि दुसरी अजून हातात नाही, त्यांनी मात्र आधी इथेच बघावं. त्यांचा हिशेब वेगळा निघू शकतो.

हे सगळं करताना थेरपीशिवाय तीन आठवडे गेले. मला वाटत होतं, जमतंय की. शुक्रवारी, २१ फेब्रुवारीला, संध्याकाळी ६३५ फ्रीवेवर ट्रक दोन्ही बाजूंना आले आणि पुन्हा तेच. मुंग्या, आवळलेली छाती. मी इंडिकेटर देऊन कडेला आले, हॅझर्ड लाइट लावले आणि जुन्या थेरपिस्टने शिकवलेलं करत बसले: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्श होणाऱ्या चार. स्टीअरिंगवरची शिवण. सीट बेल्टची धार. कप होल्डरमधली चिकट नाणी. नाण्यांचे आकडे वाचले. वीस-एक मिनिटांनी पुढच्या एक्झिटने बाहेर पडले आणि आतल्या रस्त्यांनी पन्नास मिनिटांत घरी आले.

रात्री दादाला फोन केला. त्याने विचारलं, ‘इन्शुरन्स नसताना एका वेळचे किती घेतात?’ मी वेबसाइटवर पाहिलेला आकडा सांगितला, दीडशे डॉलर. पलीकडे थोडा वेळ शांतता. तो मनात गुणाकार करत होता. ‘तेरा हजार,’ तो म्हणाला. मग लगेच, ‘मी पाठवतो. आईला सांगू नकोस.’ त्याच्या किराणा दुकानात तेरा हजार सुटायला काय करावं लागतं ते मला माहीत आहे. मी नको म्हटलं, पण त्या रात्री झोप लागली ती त्याच्या त्या वाक्यामुळे.

सोमवारी, २४ तारखेला, जेवणाच्या सुटीत फोन लावायला बसले. पहिला फोन सरकारी मदतीवर चालणाऱ्या हेल्थ सेंटरला. तिथे उत्पन्नाप्रमाणे फी असते: दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत सवलत मिळते, त्यावर नाही. एकट्या माणसाला २०२५ मध्ये ही दुप्पट म्हणजे ३१,३०० डॉलर. माझा पगार त्यापेक्षा जास्त, म्हणून मला सवलत नाही. फोनवरच्या बाई फार मायेने बोलल्या आणि त्यांनीच विद्यापीठांची प्रशिक्षण क्लिनिकं सुचवली. तिथे पीएचडी करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी फीमध्ये थेरपी देतात. एका ठिकाणी चौकशी केली, सहा आठवड्यांची रांग होती. नाव मात्र नोंदवून ठेवलं.

तिसरा फोन मला सगळ्यात जड गेला. एका थेरपिस्टची माहिती फार आवडली होती, पॅनिकवरच काम करणारी, फी १६५ डॉलर. तिच्या पानावर ‘स्लायडिंग स्केल’ असे शब्द होते. म्हणजे परिस्थिती पाहून फी कमी करते. पण त्यासाठी तोंडाने विचारायला हवं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपली जीभ अडखळत नाही, पण डॉक्टरांच्या फीचं लहानपणापासून असं शिकलो की पाकीट उघडायचं, मोजायचं आणि द्यायचं. जमत नसेल तर जायचंच नाही. मी फोन हातात घेऊन ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि मला घाम आला होता. शेवटी फोन न करता दोन ओळींची ईमेल लिहिली. ‘माझा इन्शुरन्स १ मेपासून सुरू होतोय. तोपर्यंत मला एका सेशनला साधारण ५० ते ६० डॉलर जमतील. तुमच्याकडे जागा नसेल तर कुणाचं नाव सुचवाल का?’

तासाभरात उत्तर आलं. तिच्याकडे कमी फीची जागा त्या वेळी नव्हती. पण तिने दोन मार्ग लिहिले होते, आणि पुढचा सगळा रस्ता त्या ईमेलमधूनच निघाला. म्हणून सांगते, आकडा आणि तारीख दोन्ही लिहा. ‘परवडत नाही’ असं मोघम लिहिलं तर समोरच्यालाही काय उत्तर द्यावं कळत नाही. आणि शेवटचा प्रश्न विसरू नका. नकार देणारा माणूस बहुतेक वेळा दार दाखवायला तयार असतो.

तिचा पहिला मार्ग होता ओपन पाथ ही ना-नफा संस्था. एकदाच ६५ डॉलर भरून सभासद व्हायचं, मग त्यांच्या यादीतल्या थेरपिस्टकडे एका व्यक्तीचं सेशन ३० ते ७० डॉलरमध्ये मिळतं. ज्यांना इन्शुरन्स नाही किंवा पुरत नाही त्यांच्यासाठीच ती आहे. दुसरा मार्ग, टेक्ससमधले एलपीसी असोसिएट. म्हणजे पदव्युत्तर शिक्षण आणि परीक्षा झालेले, पण पूर्ण परवान्यासाठी लागणारे ३,००० तास अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली भरत असलेले समुपदेशक. त्यांची फी कमी असते. ‘शिकाऊ’ म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं हे कबूल करते. माझ्या वाट्याला आलेली असोसिएट दर आठवड्याला माझ्या केसवर तिच्या वरिष्ठांशी बोलत असे. म्हणजे एका फीमध्ये दोन डोकी.

२६ फेब्रुवारीला सभासद झाले, चौघांना तीच दोन ओळींची ईमेल पाठवली, दोघांची उत्तरं आली. त्यातल्या या असोसिएटबरोबर पहिलं सेशन ४ मार्चला ठरलं, ५० डॉलर. वेळ ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडून खर्चाचा लेखी अंदाज आला. २०२२ पासून हा कायदाच आहे: इन्शुरन्स नसलेल्या पेशंटला आधी अंदाज द्यावा लागतो, आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर दाद मागता येते. माझ्या कागदावर पहिल्या सेशनचा बिलासाठीचा कोड ९०७९१, पुढच्यांचा ९०८३४. हे कोड लिहून ठेवा, इन्शुरन्सवाल्यांशी बोलताना कामी येतात.

मी तेव्हा दोन रूममेट मुलींबरोबर भाड्याने राहत होते आणि भिंती पातळ होत्या. त्यामुळे असोसिएटबरोबरची चारही सेशन ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर बसून केली. पुढच्या सीटच्या हेडरेस्टला रबरबँडने फोन अडकवायचे. दर मंगळवारी ती पहिला प्रश्न हाच विचारायची, ‘आत्ता तुम्ही कुठे आहात? पत्ता सांगाल?’ पहिल्यांदा विचित्र वाटलं. मग तिने समजावलं, मी टेक्ससमध्येच आहे ना हे तिला पाहावं लागतं, आणि बोलता बोलता मला काही झालं तर मदत कुठे पाठवायची हेही माहीत हवं. तिसऱ्या मंगळवारी मी तिने विचारायच्या आधीच सांगितलं, ‘पार्किंग गॅरेज, दुसरा मजला, खांब सी.’ परक्या शहरात मी नेमकी कुठे आहे हे दर आठवड्याला एका माणसाला माहीत असायचं. त्याचा मला फार आधार होता.

पैसे एका जुन्या एचएसए, म्हणजे उपचारांसाठीच्या बचत खात्यातून गेले. २०२२ च्या प्लॅनबरोबर उघडलं होतं, १,१३० डॉलर पडून होते आणि मी विसरले होते. नोकरी बदलली, इन्शुरन्स गेला, तरी त्या खात्यातले पैसे आपलेच राहतात आणि उपचारांवर खर्चता येतात. नवी भर मात्र घालता येत नाही. सभासदत्वाचे ६५ मी खिशातून दिले, सेशनचे २०० त्या खात्यातून.

आणि मग २० मार्चला मला ती गोष्ट कळली जी १० फेब्रुवारीला कळायला हवी होती. सुट्टीचे नियम शोधायला बेनिफिट्सची लांबलचक पीडीएफ उघडली होती. शेवटून चौथ्या पानावर एक चौकट: एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम (ईएपी), म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची मदत योजना. वर्षाला सहा समुपदेशन सेशन मोफत, रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून. इन्शुरन्सशी संबंध नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. फ्रीवेवरची ती संध्याकाळ, जिन्यात आलेला घाम, हे सगळं आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

ओरिएंटेशनमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही ‘इन्शुरन्स कधीपासून?’ एवढंच विचारलं होतं. तुम्ही नव्या नोकरीत रुजू होत असाल तर आधी ‘ईएपी आहे का, किती सेशन, कधीपासून?’ हे विचारा. सगळ्या कंपन्यांत नसतो, पण अनेकांत असतो. ऑफिसला कळेल ही भीती मलाही होती. ईएपीला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न तोच केला. कंपनीला किती जणांनी लाभ घेतला याची संख्या जाते, नावं नाहीत, असं उत्तर मिळालं आणि नंतर तसं लेखीही मागून घेतलं.

त्यांनी सहा सेशनचा एक मंजुरी क्रमांक आणि समुपदेशकांची यादी दिली. इथे मी एक शहाणपणाचं काम केलं. मेपासून येणाऱ्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे ज्यांच्याकडे तो चालतो त्यांच्यात, यादीतलं कोण आहे ते एकेक नाव टाकून पाहिलं आणि त्यांच्यातलीच एक निवडली. नाहीतर सहा सेशन संपल्यावर पुन्हा नव्याने शोध.

असोसिएटला सांगताना जीव जड झाला. एकाच वेळी दोघींकडे जाणं बरोबर नव्हतं. २५ मार्चला तिला म्हटलं. ती म्हणाली, ‘मोफत आहे आणि पुढेही तिच्याकडे राहता येईल, तर नक्की जा.’ आणि उरलेला वेळ तिने पुढच्या बाईंसाठी टिपण लिहिण्यात घालवला.

३ एप्रिलपासून दर गुरुवारी नव्या समुपदेशिकेकडे. १५ एप्रिलला कोब्राचा फॉर्म रात्री अकरापर्यंत टेबलावर होता. होकार दिला असता तर तीन महिन्यांचे २,२२६ डॉलर. नाही दिला. पुढचे पंधरा दिवस खरोखरच कसलंही छत्र नव्हतं आणि मी ते काळजीतच काढले, हे लपवत नाही. लहान मुलं असती किंवा मोठं दुखणं असतं तर मी वेगळं ठरवलं असतं. एप्रिलअखेर गोळ्या संपत आल्या, नव्या डॉक्टरांची वेळ ६ मेची. जुन्या डॉक्टरांनी एक रिफिल, म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा एकदा गोळ्या घ्यायची सोय, ठेवलं होतं, ते इथल्या फार्मसीत वळवून घेतलं. कूपन लावून १४ डॉलर.

१ मेला इन्शुरन्स सुरू झाला. ८ मेला मोफत सेशन संपली, १५ मेला इन्शुरन्सवरचं पहिलं. आठवड्याने पोर्टलवर दिसलं, दावा नामंजूर, सभासद सक्रिय नाही. फोन केला, चाळीस मिनिटं थांबले. माझी सुरू होण्याची तारीख त्यांच्याकडे पोचली नव्हती. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि संदर्भ क्रमांक लिहून घेतला आणि एचआरकडून एक ईमेल पाठवायला लावली. ११ जूनला दुरुस्त हिशेब आला: माझा वाटा ३० डॉलर.

दादाला फोटो पाठवला. त्याने पुन्हा गुणाकार केला असणार, कारण उत्तर यायला मिनिटभर लागलं. ‘हे जमेल तुला,’ त्याने लिहिलं, ‘आणि नाही जमलं कधी, तर मला सांग.’ आईला मी अजून सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी समुपदेशिकेशी त्याबद्दलच बोलायचं आहे.